एकाच झाडाची पाच पानं

ही गोष्ट २०२४ सालातली. साल पक्कं लक्षात राहायचं कारण असं की त्या साली मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार नेमका सव्वीस डिसेंबरला आला, त्याच दिवशी एकादशीही पडली, आणि त्या दिवशी कारंज्याच्या सोजरबाई घरापासून इतक्या लांब होत्या की कारंज्यात दिवेलागण झाली तरी त्यांच्याकडे दुपारच होती.

सोजरबाई व्हिएन्नाला गेल्या होत्या. आपल्या मर्जीनं म्हणाल तर नाही. कारंज्याच्या बसस्टँडजवळ गजेंद्रचं कृषी केंद्र आहे. त्या वर्षी एका बियाणे कंपनीनं खूश होऊन त्याला परदेशवारी दिली, सहा जोडपी आणि तो स्वतः. दुसरा कोणी असता तर आपल्यासारखेच दुकानदार घेऊन गेला असता. गजेंद्र म्हणाला, बियाणं मी विकलं असलं तरी पेरलं तुम्ही, तेव्हा तुम्हीच चला. त्यानं जुनी गिऱ्हाइकं निवडली. त्यात सोजरबाई आणि त्यांचे मालक पुंजाजी होते. गावाला लागून त्यांची दोन एकर बागायत. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, दिवाळी-दसऱ्याला झेंडू. माल पुंजाजींनी काढायचा आणि बाजारात सोजरबाईंनी बसायचं, असं चाळीस वर्षं चाललेलं.

आणि त्याच यादीत मानोऱ्याचे उत्तमराव आणि आवडाबाई होते. म्हणजे सोजरबाईंचे व्याही आणि विहीण. त्यांची मुलगी वैजयंती ही सोजरबाईंच्या हरीओमची बायको.

गजेंद्रनं आधी एकदोन यात्रा नेल्या होत्या. यात्रेचा रिवाज त्यानं इथंही लावला. बायका बायकांच्या खोलीत, माणसं माणसांच्या. हॉटेलातल्या खोल्या दोन-दोन खाटांच्या निघाल्या, तेव्हा नात्यातल्यांना एकत्र टाकलं की बरं, असा विचार करून त्यानं दोन विहिणींना एका खोलीची एकच किल्ली दिली. विहिणीसमोर सोजरबाई आजवर कधी आडव्या झालेल्या नव्हत्या. आवडाबाईही नव्हत्या. पहिल्या दिवशी सोजरबाई पाचला उठल्या, तर आवडाबाई न्हाऊन बसलेल्या. दुसऱ्या दिवशी सोजरबाई चारला उठल्या. तिसऱ्या दिवशी दोघी साडेतीनला न्हाणीघराच्या दारात एकमेकींना "तुमी आधी, तुमी आधी" करत उभ्या होत्या.

पण सोजरबाईंच्या जिवाला खरा घोर होता तो गुरुवारचा, आणि तो समजायला एक वर्ष मागं जावं लागेल.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीचा घट मांडतात. तांब्यात पाणी, सुपारी, पैसा, वर पाच झाडांची पानं आणि नारळ. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सात बायकांना हळदीकुंकू आणि फळ. सोजरबाईंनी एकतीस वर्षांत एक गुरुवार चुकवला नव्हता. मागच्या वर्षी एका गुरुवारी त्यांना ताप होता, म्हणून घट वैजयंतीनं मांडला. ती शाळेत शिकवते, साडेनवाची एसटी तिला पकडायची असते. घाईत तिनं अंगणातल्या आंब्याचीच पाच पानं तोडून तांब्यात खोचली. सोजरबाई अंथरुणातून उठून आल्या, पानं पाहिली आणि हळदीकुंकवाला आलेल्या चार बायकांदेखत ती तांब्यातून उपसून काढली. पाच झाडांची पाच लागतात, म्हणाल्या. एकाच झाडाची पाच घालायची तर घट न मांडलेलाच बरा.

वैजयंती काही बोलली नाही. त्यानंतर मात्र तिनं घटाला हात लावला नाही. फुलं आणायची, रांगोळी काढायची, प्रसाद करायची, आणि घट मांडायची वेळ आली की गोड आवाजात म्हणायची, "तुमीच मांडा आई, मले तेवढं बरोबर जमत नाई." त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच सोजरबाईंना टोचायचं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या आधी वैजयंतीनं सहजच विचारलं होतं, की चौथा गुरुवार तर तिकडेच येतो, मग यंदा तीनच करायचे का. सोजरबाई तडकल्या. "तीन कायले? तिथंही व्हईन. रीतसर व्हईन. फोटो पाठवतो तुले, मोजून घेजो."

तेव्हा बोलून गेल्या. आता ते निभवायचं होतं, तेही तिच्याच आईच्या डोळ्यांदेखत.

सामान त्यांनी जमेल तेवढं बरोबर घेतलं. तांब्या, तांदूळ, सुपाऱ्या, हळदीकुंकवाच्या डब्या, लक्ष्मीचा फोटो, पोथी. पण कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की पानं, फळं, बियाणं, दुधाचं काही विमानातून न्यायचं नाही. पानं आणि नारळ घरीच राहिले. सोजरबाईंना त्याची काळजी नव्हती. नाताळ हा त्यांचा मोठा सण आहे म्हणतात, तर बाजार नुसता ओसंडत असेल.

आणि पहिल्या दिवशी, सोमवारी, तसंच दिसलं. गजेंद्रनं सगळ्यांना तिथल्या भाजीबाजारात नेलं. लुगड्यावर हरीओमचा स्वेटर, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट, अशा वेशात सोजरबाई ओळीनं प्रत्येक दुकानापुढं थांबल्या. पालकाच्या जुड्या त्यांना किडक्या वाटल्या. वांगी बघून त्यांना त्या वांग्यांची कीव आली. एका दुकानात नारळ रचलेले होते. त्यांनी एक उचलून कानाशी हलवला, दुसरा हलवला, तिसरा हलवला. दुकानदार डोळे वटारून बघत राहिला. शेजारच्या फुलवाल्याकडे हिरव्या डहाळ्यांच्या पेंढ्या बादल्यांमध्ये उभ्या होत्या, निलगिरीसारखी एक, तमालपत्रासारखी एक, आणखी कसली कसली. पाच काय, सात झाडांची पानं तिथं सहज निघाली असती.

"घेऊन टाका, इहीनबाई," आवडाबाई म्हणाल्या. "समोर हाये तं घेऊन टाका."

सोजरबाईंनी नारळ खाली ठेवला. "पानी कमी हाये याच्यात. यायचा सन परवा हाये ना? सनाच्या सकाळी ताजा माल उतरते. आदल्या दिवशी जुनं खपवत असतात. बाजारात मी काय आज बसलो काय?"

चाळीस वर्षांच्या अनुभवापुढं आवडाबाई काय बोलणार. त्या कपाशी-तुरीच्या घरच्या.

मंगळवारी सकाळी सगळे तिथल्या नाताळच्या जत्रेत हिंडले. लाकडी खोपटांची दुकानं, दिव्यांच्या माळा, मेणबत्त्या, भाजलेली कसलीशी मोठी बोंडं, आणि चौकाचौकात एकच एक हिरवं झाड, नटवलेलं. उत्तमराव बर्फ बघायला आले होते. तो पडेल पडेल म्हणत पडलाच नव्हता. पुंजाजी माकडटोपीतून फक्त नाक बाहेर ठेवून चालत होते. सोजरबाई मनाशी हिशेब करत होत्या की आज एवढी गर्दी आहे तर उद्या पाय ठेवायला जागा मिळायची नाही.

दुपारी दोननंतर दुकानं मिटायला लागली. बुधवारी सकाळी, म्हणजे खुद्द सणाच्या दिवशी, सोजरबाई पिशवी घेऊन खाली उतरल्या तर रस्त्यावर माणूस नाही. भाजीबाजार बंद. फुलवाला बंद. औषधाचं दुकान बंद. पुंजाजींनी हळूच गजेंद्रला विचारलं की गावात कोणी मोठा माणूस दगावला का. उत्तमरावांचं म्हणणं पडलं की मोर्चा असेल.

गजेंद्रनं हॉटेलात किल्ल्या देणाऱ्या बाईंना विचारलं. हेल्गा त्यांचं नाव. साठीच्या पुढच्या, पांढरे आखूड केस, चष्मा साखळीनं गळ्यात. दोघंही मोबाईलमध्ये बोलायचे आणि मोबाईल एकाचं दुसऱ्याला सांगायचा. हेल्गाबाईंनी सांगितलं की आज सण आहे, उद्याही सुट्टी आहे, परवा शुक्रवारी दुकानं उघडतील. सण आहे म्हणूनच बंद. दुकानदार आपापल्या घरी गेले.

सोजरबाई पायरीवर बसल्या. सणाच्या दिवशी दुकानदार घरी जातो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दिवाळीच्या कितीतरी पहाटा त्यांना आठवल्या. अंधारात झेंडूचे ढीग घेऊन बसायचं, दुसऱ्यांच्या दारांची तोरणं विकायची आणि दुपारी बाराला घरी येऊन हरीओमला उटणं लावायचं. तो लहानपणी विचारायचा, आपली दिवाळी सगळ्यांच्या नंतर काहून येते? तेव्हा त्याला काय उत्तर दिलं होतं, तेवढं मात्र आठवेना.

"म्हनलं होतं घेऊन टाका," असं आवडाबाई म्हणतील म्हणून सोजरबाई वाट बघत राहिल्या. आवडाबाई म्हणाल्याच नाहीत. नुसत्या शेजारी येऊन बसल्या. मग तर सोजरबाईंना फारच वाईट वाटलं.

गुरुवार उजाडला. साडेतीनला दोघींची आंघोळ झाली होती, पण उजाडायला तिथं पावणेआठ वाजतात. उजेड झाल्याबरोबर दोघी जवळच्या बागेत गेल्या. बाग मोठी, पण कापूस वेचून झाल्यावर शेतात पऱ्हाट्या उभ्या असाव्यात तशी झाडं. पान म्हणून नाही. हिरवं होतं ते तेच, चौकाचौकातलं, सुयांसारख्या पानांचं. सोजरबाई ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. सगळ्या बागेत एकच जात.

हॉटेलात परतल्यावर आवडाबाईंना कोपऱ्यातली कुंडी दिसली. मोठी रुंद पानं, तकतकीत. सोजरबाईंनी पान दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं. प्लास्टिकचं होतं.

तेवढ्यात हेल्गाबाईंकडून कळलं की मोठ्या रेल्वे स्टेशनवरचं एक दुकान सुट्टीतही उघडं असतं. पुंजाजी आणि उत्तमराव ताबडतोब नारळ आणायला निघाले. गजेंद्रनं कागदावर पत्ता लिहून दिला. दोन तासांनी दोघं व्याही परतले. सांगत होते की रांग म्हणजे पोहरादेवीच्या यात्रेची, नुसते पोलीस तेवढे नव्हते. फळं मिळाली होती. नारळ संपला होता. पुंजाजींनी पिशवीतून अननस काढला.

सोजरबाईंनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"याले शेंडी हाये," पुंजाजी म्हणाले. "डोयेही हायेत. नारयाले तीन असतात, याले जास्त हायेत. कमी तं नाई ना."

उत्तमरावांनी मान डोलावली. येताना वाटेत दोघांनी त्यावर बराच विचार केलेला दिसत होता.

राहिली पानं. गजेंद्रनं हेल्गाबाईंना मोबाईलमध्ये सगळं सांगितलं. त्यांना कितपत समजलं कोण जाणे, पण त्या उठल्या, कात्री घेतली आणि दाराजवळच्या नटवलेल्या झाडामागं गेल्या. हॉटेलमालकाला दिसणार नाही अशा बाजूनं, खालच्या फांदीच्या पाच डहाळ्या त्यांनी कापल्या. एकेक, निवडून, जून टाळून, कोवळी बघून. त्यांची ती निवड सोजरबाईंच्या नजरेनं टिपली. भाजी निवडणारा हात होता तो.

डहाळ्या देताना हेल्गाबाई बोलायला लागल्या आणि थांबेनात. मोबाईल सांगत गेला. त्यांच्या घरी दर वर्षी खरं झाड यायचं. त्यांची आई आणायची, मग त्या आणायच्या. यंदा सुनेनं दुकानातून प्लास्टिकचं आणलं. तिला नोकरी आहे, लहान मूल आहे, सुया झाडायला वेळ नाही, म्हणते. म्हणून हेल्गाबाईंनी सणाच्या दिवशी मुद्दाम कामाची पाळी मागून घेतली. मी त्या झाडासमोर बसणार नाही, असं सुनेला सांगून आल्या.

मोबाईल थांबला. आणि सोजरबाई, काही विचार न करता, बोलून गेल्या. "मंग काय झालं? लावलं ना तिनं झाड. नाई लावलं असतं तं काय केलं असतं तुमी?"

गजेंद्रनं ते मोबाईलला सांगितलं, मोबाईलनं हेल्गाबाईंना सांगितलं, आणि त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. पण सोजरबाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांना आपल्या डाव्या गालावर आवडाबाईंची नजर जाणवत होती. त्यांनी मान वळवली नाही. डहाळ्या पदराखाली घेतल्या आणि जिना चढल्या.

खोलीत चहाच्या टेबलावर घट मांडला. दिवा लावायची मनाई होती, धूर झाला तर छतातली घंटा वाजते म्हणे. हेल्गाबाईंनी सेलवर चालणारी मेणबत्ती दिली. पाच डहाळ्या तांब्यात खोचल्या. त्यावर अननस ठेवला. तो काही केल्या सरळ उभा राहीना, म्हणून पुंजाजींनी त्याला तांदळाच्या पुरचुंडीचा टेकू दिला. आवडाबाई टेबलासमोर बसल्या होत्या. त्यांनी डहाळ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "इहीनबाई, अननसाचा शेंडा थोडा इकडं वयवा. फोटोत पानं झाकून जातात. मी काई वैजूले सांगत नाई."

सोजरबाईंचा हात अननसाकडे गेलाही होता. ते शब्द ऐकून तो तिथंच थांबला. म्हणजे विहिणीला सगळं माहीत होतं. आंब्याची पानं, चार बायका, सगळं. पोरीनं आईला सांगितलं होतं आणि आई वर्षभर आपल्याशी गोड बोलत राहिली होती, सणावाराला मानानं लुगडं नेसवत राहिली होती. टोमणा मारायची इतकी चांगली वेळ आली, आणि ही बाई आपली अब्रू झाकायला निघाली.

"फोटो नको," सोजरबाई म्हणाल्या. "गजेंद्रले म्हना, फोन लावून दे. तोंड दिसते तो."

कारंज्यात साडेसहा झाले होते. वैजयंती शाळेतून येऊन हातपाय धुऊन बसलेली. मागं हरीओम दिसत होता. तिनं आधी आईला पाहिलं, मग सासूला, मग घटाला. अननस पाहून हरीओम हसायला लागला, तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

"छान दिसते आई," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पानं कायची हायेत?"

खोलीत सोजरबाईंखेरीज बरोबरच्या पाचही बायका जमल्या होत्या, शिवाय दोन व्याही आणि गजेंद्र.

"एकाच झाडाची हायेत," सोजरबाई म्हणाल्या. "पाचही. पुरं गाव पालथं घातलं, दुसरं झाड नाई भेटलं."

वैजयंती काही बोलली नाही. गप्प राहणं तिला चांगलं येत होतं.

"चालते," सोजरबाई पुढं म्हणाल्या. आवाज मोठा काढला, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावा असा. चार बायकांदेखत बोललेलं चार बायकांदेखतच परत घ्यायला हवं, एवढा हिशेब त्यांना कळत होता. "अन् मागच्या सालीही चालत होतं. मीच तवा तापात होतो."

"ताप उतरला होता आई तवा," वैजयंती म्हणाली.

"उतरला होता," सोजरबाईंनी कबूल केलं.

आधी आवडाबाई हसल्या. मग फोनमधून वैजयंती हसली. तिला असं हसताना सोजरबाईंनी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

पोथी वाचून झाली. हळदीकुंकवाला बरोबरच्या पाच बायका झाल्या. सहाव्या हेल्गाबाई. त्यांचा नवरा आहे की नाही हे विचारावं का, असं आवडाबाई हळूच म्हणाल्या. सोजरबाई म्हणाल्या, काही विचारू नका, कपाळ पुढं करते ना बाई, बस. सातवी कुठून आणायची, हा प्रश्न पडला. सोजरबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"सातवी तू. देवघरातली डबी घे अन् माह्या नावानं लावून घे. फळ उधार राह्यलं."

त्या दिवशी हेल्गाबाई संध्याकाळपर्यंत कपाळावर रुपयाएवढं कुंकू घेऊन किल्ल्या देत होत्या. कोणी विचारलं की काय सांगत होत्या, ते मोबाईल जवळ नसल्यामुळे कळलं नाही. अननस सगळ्यांना एकादशीचा म्हणून फोडी करून वाटला. गोड निघाला. पुंजाजींनी त्याचं श्रेय घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत दोन विहिणी सात वाजेपर्यंत झोपलेल्या होत्या आणि गजेंद्रला दार वाजवून उठवावं लागलं.

याला आता वर्ष उलटून गेलं. गजेंद्रला पुढच्या वर्षी कंपनीनं परदेशवारीऐवजी भिंतीवरची घड्याळं दिली. तो म्हणतो, बरंच झालं. उत्तमराव मानोऱ्यात बर्फाची हकिगत सांगतात. शेवटच्या दिवशी विमानतळाबाहेर एका मोटारीच्या टपावर दोन ओंजळी बर्फ त्यांना दिसला होता, दर महिन्याला तो बोटभर वाढतो. पुंजाजींनी अकोल्याहून अननस आणला, तो फस्त केला आणि त्याचा शेंडा तेलाच्या डब्यात लावला. पानं भरपूर आली, फळाचं नाव नाही. हेल्गाबाईंनी पुढच्या सणाला गजेंद्रच्या मोबाईलवर फोटो पाठवला. नातू मांडीवर आणि मागं झाड. नीट बघितलं तर झाड प्लास्टिकचं आहे.

आवडाबाई आता मार्गशीर्षात आठ दिवस लेकीकडे राहायला येतात आणि बिनघोर साडेसहाला उठतात. सोजरबाई त्यांच्याही नंतर.

घट वैजयंती मांडते. २०२५ च्या मार्गशीर्षातल्या पहिल्याच गुरुवारी ती पानं घेऊन आली ती आंब्याची, जांभळाची, पेरूची, उंबराची आणि पिंपळाची. आदल्या दिवशी शाळेतून येताना दोन थांबे आधी उतरून गोळा केली होती.

"एवढं कायले हिंडलीस वो?" सोजरबाई म्हणाल्या. "अंगनात आंबा होता ना."

"मले वाटलं म्हनून," वैजयंती म्हणाली, आणि पदर खोचून तांब्यात पाणी भरायला लागली.